सिरी राहिला

दिवाळीचा धूर विरतो न विरतो, तोच एका सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं आणि समजायचं, आली बाई थंडी. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत ऋतू आधी मोबाइलवर येतो आणि मग अंगावर. आईचं तसं नाही. नव्वदी ओलांडलेली माझी आई थंडीच्या आधीच गुडघे चोळत मागे लागते, "ट्रंक काढ गं सुमे, ट्रंक काढ." यंदाही काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून आमच्या बाल्कनीत ऊन येतं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, टेकलं की निघालं. त्या उन्हाबरोबर आईची खुर्ची सरकवत बसायचं हा माझा हिवाळ्यातला उद्योग. ती एकेक स्वेटर उलटा करून कसर लागली का बघत होती. बघता बघता, मान वर न करता म्हणाली, "सुमे, मला सिरीला घेऊन चल."

मी शाल झटकत होते, ती तशीच हातात राहिली. आमच्या घरात सिरीचं नाव कुणी काढत नाही.

सिरी म्हणजे दक्षिण दिल्लीतला एक किल्ला. किल्ला तरी कसला, भिंतीचे तुकडे उरलेत इकडेतिकडे. माझा सगळा जन्म दिल्लीत आणि दिल्लीच्या आसपास गेला. तुघलकाबाद पाहिलं, आदिलाबाद पाहिलं, पुराना किल्ला, कोटला, मेहरौलीकडची लालकोटची भिंत, सगळं पायाखालून घातलं. सिरी तेवढा पाहिला नाही. आईनं पाहिला नाही, अण्णांनीही नाही. आम्ही तो ठेवला होता. घरातलं एक माणूस जेवायचं राहिलं असलं की पातेल्यात त्याच्यापुरतं ठेवतात ना, तसा.

ते माणूस म्हणजे माझा दादा, अविनाश. माझ्याहून सात वर्षांनी मोठा.

किल्ला करणं हे आमच्या लोकांचं खूळच आहे. बदली कुठेही होवो, दिवाळी जवळ आली की मराठी घरातली पोरं चिखलात बसलीच म्हणून समजा. आम्ही सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. पुढच्या अंगणाच्या तुकड्यावर दादा गोणपाट, विटा आणि माती घेऊन बसायचा आणि मी पाणी आणून द्यायला. बुरूज, तट, पायऱ्या, वर सिंहासन. पुण्याहून कुणी येणार असलं की वर्तमानपत्रात गुंडाळून मातीचे मावळे यायचे, त्यातला एखादा हमखास मान तुटून यायचा. उतारावर मोहरी पेरायची, चार दिवसांत हिरवं व्हायचं. गल्लीतल्या बाकीच्या घरांना हे काय ते कळायचं नाही. शेजारच्या बीजी, फाळणीत लाहोरहून आलेल्या, त्यांना पहिल्या वर्षी वाटलं देवस्थान आहे. त्या रोज संध्याकाळी किल्ल्यापुढे दिवा लावून हात जोडायच्या.

दादा म्हणाला, "बीजी, ये मंदिर नहीं है, किला है."

"ते की होया पुत्तर," बीजी म्हणाल्या, "दीवा तो दोनों जगह जलता है."

तेव्हापासून आमच्या किल्ल्यावर दिवा लावायचा मान बीजींचा.

पण दादाचा एक नियम होता, तो त्याचा स्वतःचा. खऱ्या किल्ल्याची चिमूटभर माती सिंहासनाखाली घातल्याशिवाय किल्ला पुरा झाला असं म्हणायचं नाही. पहिल्यांदा सिंहगडाची आणली होती, अण्णांच्या रुमालात. आईनं तो रुमाल धुताना घातलेल्या शिव्या अजून माझ्या कानात आहेत. पुढे रोज उठून पुण्याला कोण जाणार? मग ठरलं, दर दिवाळीच्या आधी एका रविवारी दिल्लीतला एक नवा किल्ला बघायचा आणि तिथली माती आणायची.

अण्णा एका मंत्रालयात क्लार्क होते, पण मूळचे साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले. किल्ला म्हटला की तो डोंगरावरच असायचा, ह्यात त्यांना शंकाच नव्हती. तुघलकाबादला जायचं ठरलं तेव्हा आदल्या संध्याकाळी फर्मान निघालं, सगळ्यांनी कॅनव्हासचे बूट घालायचे, टोप्या घ्यायच्या, चढताना बोलायचं नाही, दम जातो. गूळ-शेंगदाणे घेतले, काठी घेतली. बसमधून उतरलो तर भिंत समोरच, रस्त्याला लागून. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेळ्या घेऊन चाललेल्या एका माणसाला विचारलं, "भाईसाब, चढाई किधर से है?"

"कैसी चढ़ाई, बाबूजी? दरवाज़ा सामने है, चले जाओ."

अण्णांचं तोंड असं काही पडलं! "हॅत्! हा काय गड झाला? कपाळाला घामसुद्धा नाही."

दादा हसून हसून खाली बसला. मग अण्णांना वाईट वाटू नये म्हणून असेल, भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, आपल्याला डोंगर आयते मिळाले हो. इथे ह्या लोकांना डोंगरच हातानं बांधायला लागला. जाडी तरी बघा."

अण्णांनी पाहिली. काठीनं ठोकून पाहिली. मग पुढची सगळी दुपार ते त्या पडक्या तटावरून असे फिरले, जणू स्वतःच बांधून घेतला होता. येताना बसमध्ये दादानं मला सांगितलं, "पुढच्या वर्षी सिरी. घरापासून सगळ्यात जवळचा तोच आणि आपण तोच पाहिलेला नाही, कमाल आहे यार." घरात 'यार' म्हटलेलं आईला चालत नसे. बसमध्ये चालून गेलं.

ते पुढचं वर्ष म्हणजे एकाहत्तर. दादाला लष्करात नुकतंच कमिशन मिळालं होतं. तो पश्चिमेच्या सरहद्दीवर होता आणि दिवाळीला रजा मिळाली नाही. किल्ला मी एकटीनं केला. बुरूज वाकडे झाले, पायऱ्या तर उंदरानं कुरतडल्यासारख्या. तसं त्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, वाकडे बुरूज शत्रूला चकवायला बरे असतात, पण सिरीला माझ्याशिवाय जाऊ नका, मी आलो की माती आणू, तोवर किल्ला मोडू नका. दिवाळीनंतर किल्ला हातानं मोडायचा नसतोच. ऊनपावसानं तो आपोआप बसतो. पण आईनं ते पत्र ऐकलं आणि उठून किल्ल्यावर मेणकापड घातलं, वर चार विटा ठेवल्या. दिल्लीत ऐन थंडीत पाऊस येतो ना, त्याची तिला काळजी.

त्या वर्षी बीजींनी आईला विणायला शिकवलं. आपल्याकडच्या बायकांना कुठली विणकामाची गरज, पण दिल्लीत थंडी पडली की सगळ्या बायका दुपारी अंगणात बाजा टाकून, मटार सोलत, मुळा मीठ लावून खात, सुया चालवत बसतात. आईनं पहिल्यांदा जे विणलं ते दादासाठी मोजे. खाकी मिळाली नाही म्हणून करड्या लोकरीचे. एक मोजा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. "बुटात कोण बघतंय," बीजी म्हणाल्या. पार्सल करून पाठवले. मग लढाई सुरू झाली. काचांना काळे कागद चिकटवले, संध्याकाळी सायरन वाजला की सिगडीवरसुद्धा झाकण. आई अंधारात म्हणायची, "मोजे पोचले असतील ना हो?" आणि अण्णा म्हणायचे, "पोचले असतील."

लढाई संपली. गल्लीत लोकांनी बर्फी वाटली. आम्हीही खाल्ली. आणि मग तार आली.

अण्णांनी ती इंग्रजीत वाचली, घडी घातली, परत उघडून वाचली. मग म्हणाले, "अवी सापडत नाहीये."

आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "सापडत नाहीये म्हणजे, शोधतायत ना?"

"शोधतायत."

"मग झालं तर," म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. ती पोळी जळली. आईच्या हातून पोळी जळलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मला त्या हिवाळ्याबद्दल सांगायचंय खरं तर. पुढच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पण तो एक हिवाळा माझ्या अंगात जाऊन बसलाय. धुकं, कोळशाचा धूर, संत्र्याच्या सालींचा वास आणि भिंती. रविवार आला की अण्णांना घरात बसवेना. शेजारीपाजारी यायचे, चांगल्या मनानं यायचे बिचारे, पण प्रत्येक जण विचारणार, "कुछ पता चला?" अण्णा सकाळीच मफलर गुंडाळायचे आणि मला म्हणायचे, "चल." आई आम्हाला शेंगा आणि संत्री बांधून द्यायची, ती स्वतः यायची नाही. तार आली आणि दाराला कुलूप असलं तर?

आम्ही किल्ले बघायला जायचो. आधी पाहिलेलेच पुन्हा, आणि न पाहिलेलेही. सिरी सोडून. ते आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही, बस सिरीच्या बाजूला वळणारी असली की अण्णा दुसरी बस बघायचे. तटावर पोचलो की ते पुढे निघायचे. एक हात भिंतीवर टेकवून चालत राहायचे, दगड संपला की हात खाली, दगड आला की परत वर. मी शेंगा सोलत मागे. ऊन पाठीवर यायचं तेव्हा इतकं बरं वाटायचं. माणूस कितीही दुःखात असलं तरी पाठीला ऊन लागल्याचं बरं वाटतंच, हे मी त्या थंडीत शिकले.

आदिलाबादच्या बुरुजावर एकदा मी विचारलं, "अण्णा, एवढ्या भिंती कशाला लागायच्या हो ह्यांना?"

"भीती," अण्णा म्हणाले. "वायव्येकडून मंगोल यायचे. ते येऊ नयेत म्हणून."

"मग आले नाहीत?"

"आले की. भिंतीनं कोणी यायचं थांबतं का?" मग म्हणाले, "भिंतीवर कुणाला तरी उभं करावं लागतं, सुमे. राजा आत झोपतो. उभं राहणारा कुणाचा तरी असतो."

असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. ते ज्या बाजूला बघत होते ती पश्चिम होती, एवढं मला कळत होतं. अण्णांना रडताना मी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणून रडले नाहीत असं थोडंच आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. लांब कुणी गेल्याचं कळलं की कळल्या क्षणी डोक्यावरून आंघोळ करायची. मग ते माणूस कितीही दूरचं असो, तुम्ही त्याला कितीही वर्षांत पाहिलेलं नसो. गावी असतं तर सुतक पाळलं असतं, परमुलखात निदान एवढं तरी. त्या आंघोळीनं घर मान्य करतं की माणूस गेलं. आई ह्या बाबतीत पक्की होती, चुलतसासऱ्यांची बातमी आली तेव्हा भर थंडीत तिनं आम्हाला सगळ्यांना न्हायला घातलं होतं.

तारेनंतर मात्र तिचं एक सुरू झालं. केस धुवायचे असले की आधी मोठ्यांदा सांगायची, "आज रविवार, डोक्याला शिकेकाई लावायची आहे हो, म्हणून न्हाते आहे." कुणाला सांगायची? आम्हाला तर ठाऊकच असायचं. मी एकदा हसले, तर अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की हसू गिळलं. नंतर कळलं, वर बसलेल्याचा गैरसमज होऊ नये म्हणून ते सांगणं होतं. चुकूनसुद्धा ती आंघोळ दादाच्या नावावर जायला नको होती.

कैदी परत आले तेव्हा आम्ही रेडिओला चिकटून बसलो होतो. आले, पुष्कळ आले, कुणाकुणाचे आले. दादा नव्हता. मग कधीतरी कागदावर 'बेपत्ता'च्या पुढे आणखी शब्द लागले, कचेरीतून माणसं येऊन अदबीनं बोलून गेली, आणि अण्णांनी सह्या केल्या. आईनं त्या माणसांना चहा दिला, पोहे दिले, आणि ती गेल्यावर म्हणाली, "त्यांना काय माहीत."

बारा वर्षं झाल्यावर पुण्याहून आप्पाकाका आले, अण्णांचे चुलतभाऊ. शास्त्र असं की माणूस बारा वर्षं सापडलं नाही तर त्याच्या नावानं विधी करून मोकळं व्हावं. काका वाईट नव्हते, रात्रीचा प्रवास करून त्या वयात आले होते. म्हणाले, "वहिनी, पोराच्या जिवाला पुढे जायला वाट हवी. आंघोळ करून घ्या."

आई म्हणाली, "भावजी, माझं पोर हरवलंय. हरवलेल्याच्या नावानं आंघोळ करत नाहीत, दार उघडं ठेवतात."

काका त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. बीजी तेव्हा होत्या. त्या आईजवळ येऊन बसल्या, शास्त्रबिस्त्र काही बोलल्या नाहीत. "बहनजी, उडीक रखो," म्हणाल्या, "पर रोटी भी खाओ." वाट बघा, पण जेवाही. आई जेवली. बीजींचं तिनं कायम ऐकलं, कारण बीजींनी लाहोरचं घर सोडलं तेव्हा किल्ली बरोबर आणली होती आणि ती मरेपर्यंत कमरेला होती.

अण्णा रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. अंगणातला किल्ला केव्हाच मातीचा ढिगारा झाला होता, मेणकापड कितीदा बदललं तरी पाणी आत शिरतंच. आईनं तो ढिगारा तुळशीच्या कुंडीत भरला. सामान नेणारा माणूस कुंडी रिकामी करून नेऊ म्हणाला तर त्याच्या अंगावर धावून गेली. ती कुंडी मग आमच्याबरोबर दोन घरं फिरून इथे गुरुग्रामच्या बाल्कनीत आली. तुळशी कितीतरी बदलल्या, थंडीनं जळतात त्या. माती तीच. सिंहगड, पुराना किल्ला, तुघलकाबाद, सगळं त्या कुंडीत आहे. सिरी तेवढा नाही.

अण्णा गेले तोही हिवाळाच होता. हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणाले, "सिरी राहिला ना गं." मी म्हटलं, "जाऊ आपण अण्णा, बरे व्हा." ते हसले, "आपण नाही गं जायचं." शुद्धीवरचं त्यांचं शेवटचं बोलणं ते. आईनं अण्णांसाठी सगळं रीतीनं केलं, एकही गोष्ट सोडली नाही. म्हणजे तिला रीत माहीत नव्हती असं नव्हे.

मग मधली वर्षं. मी नोकरी केली, लग्न केलं, ऋता झाली. सिरीवरून बसनं, मोटारीनं, नंतर मेट्रोनं हजारदा गेले असेन. झाडांमधून दगडाची एक काळी पट्टी दिसायची. मी मान फिरवायची. लोकांना सिरी म्हणजे ऑडिटोरियम माहीत, तिथे नाटकं होतात, मैफली होतात, मैत्रिणी तिकिटं काढून बोलवायच्या आणि मला हटकून त्याच दिवशी ताप यायचा.

आता हे सगळं असताना आईनंच एकाएकी सिरीचं नाव का काढलं? ह्याला कारण मी. म्हणजे मी आणि रोमन लोक.

माझी मुलगी ऋता इंग्लंडच्या उत्तरेला राहते. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते. उन्हाळा म्हणे! माझा स्वेटर, वर तिचं जाकीट, तरी वारा हाडांत. ती म्हणाली, "मम्मा, तुला दगड आवडतात ना, चल तुला रोमन भिंत दाखवते." मला दगड आवडतात हे तिनं कुठून काढलं, देव जाणे. गेलो. टेकड्यांवरून एक कमरेएवढी भिंत चाललेली, इकडे मेंढ्या, तिकडे मेंढ्या. साम्राज्य इथे संपायचं, पलीकडे शत्रू. मध्ये मध्ये ठाण्यांचे पाये, चौकोनी खोल्या, भट्टीची जागा, सैनिक रांगेनं बसायचे ते दगडी संडाससुद्धा. ऋता वाचून दाखवत होती, इथे पहाऱ्याला कुठून कुठून सैनिक आणले होते, सिरियातून, आफ्रिकेतून. उन्हातली पोरं ती. त्या वाऱ्यात, त्या चिखलात उभी केलेली. मला अण्णा आठवले. राजा आत झोपतो.

जवळच म्युझियम होतं. तिथे जमिनीत सापडलेल्या लाकडाच्या पातळ पातळ फळ्या आहेत, त्यावर शाईनं लिहिलेलं. ऋतानं एका फळीखालचं वाचलं आणि हसत म्हणाली, "मम्मा, बघ ना किती क्यूट, कुणीतरी सोल्जरला मोजे पाठवलेत!" मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचं कुणीतरी लिहिलं होतं. कुणी ते माहीत नाही, नाव तुटून गेलंय. मी "आलेच" म्हणून बाहेर गेले आणि बाथरूममध्ये दार लावून रडले. पोरीला काय सांगणार? तिच्यासाठी मामा म्हणजे भिंतीवरचा फोटो.

परत आल्यावर आईला सगळे फोटो मोबाइलवर दाखवले. भिंत बघून म्हणाली, "ही तर मी चढून जाईन." मेंढ्या तिला फार आवडल्या. मग ती मोज्यांची गोष्ट मी सांगितली. सांगू का नको, सांगू का नको करत शेवटी सांगितलीच. आईनं मोबाइल हातात घेतला, त्या फळीचा फोटो डोळ्यांजवळ नेला. तिला काही दिसलं असेल असं नाही.

"पोचले का गं त्याला?" तिनं विचारलं.

"ते नाही लिहिलेलं, आई."

"किती वर्षं झाली त्याला?"

"दोन हजार. जवळजवळ."

"दोन हजार," आई म्हणाली. "अजून माहीत नाही." आणि मोबाइल मला परत दिला.

त्यानंतर ती कितीतरी दिवस गप्प गप्प होती. मला वाटलं वय झालंय. आणि मग ही थंडी आली, ट्रंक उघडली, आणि ती म्हणाली, सिरीला घेऊन चल.

"आई," मी म्हटलं, "नक्की?"

"आता मी किती दिवसांची? ते अपुरं ठेवून मला जाता यायचं नाही. कोणी वाट बघत बसलेलं माघारी ठेवू नये. तूही बसशील मग माझ्यासारखी." आणि नेहमीच्या आवाजात, "आणि तो चॉकलेटी स्वेटर दे, ह्याला कसर लागलीय."

रविवारी कॅब बोलावली. ड्रायव्हर म्हणाला, "सिरी फोर्ट ऑडिटोरियम ना, आंटी?" मी म्हटलं, "नहीं भैया, दीवार." "कौन सी दीवार?" बरोबर आहे त्याचं, त्याला काय माहीत. शोधत शोधत गेलो. एक बाग आहे, बागेत चालायची वाट, पोरं बॅडमिंटन खेळत होती, आणि कडेला भिंत. खडबडीत करडे दगड, काही ठिकाणी वरचे कंगोरे शाबूत, मध्ये बाण मारायच्या फटी. आईची व्हीलचेअर मी अगदी भिंतीशी नेली. तिथे एक पाटी होती. भिंतीच्या पायात शत्रूच्या सैनिकांची मुंडकी पुरली म्हणून सिरी नाव पडलं, असं म्हणतात. अण्णांनी हे कुठेतरी वाचलेलं मला आठवत होतं, आईपुढे ते त्यांनी कधी वाचलं नाही. मीही मोठ्यानं वाचलं नाही. ती मुंडकीसुद्धा कुणी न्हाऊमाखू घातलेलीच.

आईनं भिंत खालपासून वरपर्यंत पाहिली. बराच वेळ पाहिली.

"एवढीशीच?" म्हणाली.

"एवढीच राहिलीय, आई."

"त्याला काही ही आवडली नसती. चढायला कुठेय?" आणि हसली. मी पन्नास वर्षांत आईला दादाचं बोलताना हसलेलं पाहिलं नव्हतं. आणि त्याच हसण्यातून तिचा चेहरा मोडला. भिंतीवर हात ठेवून ती रडली, पोटातून, आवाज करून, बॅडमिंटनवाली पोरं थांबून बघायला लागली. "अवी," एवढंच म्हणत होती, "अवी, बाळा, किती रे थंडी." मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला तिला गप्प करावंसं वाटलं नाही. त्या तारेपासूनचं होतं ते, पोळी जळाली होती तेव्हाचं.

मग तिनं डोळे पुसले आणि तो ओला रुमाल माझ्यापुढे धरला. मी भिंतीच्या मुळातली चिमूटभर माती त्यात घातली. तिनं गाठ मारली, स्वतःच मारली, वेळ लावून.

घरी आल्यावर ती आधी बाल्कनीत गेली. कुंडीतली माती बोटानं उकरली, रुमालाची गाठ सोडली, माती आत टाकली आणि वरून दाबली. सिंहासनाखाली दादा दाबायचा तशी. म्हणाली, "झाला पुरा." ऊन गेलं होतं, तुळशीची पानं थंडीनं काळवंडली होती. मी तिला आत घेऊन आले.

"सुमे, पाणी काढ," आई म्हणाली. "डोक्यावरून घेते."

इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "आज रविवारच आहे. शिकेकाई काढू?"

"शिकेकाई नको," आई म्हणाली. "नुसतं पाणी."

मी गिझर लावला. तिला स्टुलावर बसवलं आणि तिच्या पांढऱ्या, विरळ केसांवर तांब्यानं पाणी घातलं. तिला पुसून, कपडे घालून, रजईत बसवलं, आणि मग आत जाऊन मीही डोक्यावरून घेतलं.